४,२९,४९,६७,२९७ चे अवयव कसे पडतात

२ चा ३२ वा घात घ्या, त्यात १ मिळवा: ४,२९,४९,६७,२९७. २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातात १ मिळवला तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ येतात आणि या पाचही मूळ संख्या आहेत. घात असाच दुप्पट करत गेलो तर दर वेळी मूळ संख्याच मिळेल, असा फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांचा १६४० च्या सुमाराचा कयास होता. १७३२ मध्ये स्विस गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी दाखवले, की लगेच पुढच्याच संख्येला, म्हणजे आपल्या या संख्येला, ६४१ ने भाग जातो.

सरधोपट मार्गाने वर्गमुळापर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. पण समजा, 'प' ही मूळ संख्या हिला निःशेष भागते. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागले की बाकी −१, आणि ६४ व्या घाताला १. त्याआधी १ कधीच येत नाही, म्हणजे बाकी १ फक्त ६४ च्या पटीतल्या घातांनाच येते. फर्मांच्याच प्रमेयानुसार (प−१) व्या घातालाही बाकी १ येते. म्हणून (प−१) ला ६४ ने भाग जायलाच हवा. (हत्यार फर्मांच्याच हातातले होते, तरी त्यांना हा अवयव सापडला नाही याचे नवल वाटते.) एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी ६४ ऐवजी १२८ घेता येतो हे सिद्ध केले. मग उमेदवार उरतात १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१… यांत मूळ संख्या दोनच. २५७ घेतल्यास बाकी २ उरते.

६४१ ची तपासणी कागदावर होते. २ चा १६ वा घात ६५,५३६. ६४१ ने भागून बाकी १५४. १५४ चा वर्ग २३,७१६. त्याची बाकी ६४०. ही झाली ३२ व्या घाताची बाकी. त्यात १ मिळवला की ६४१, म्हणजे बाकी शून्य.

भागाकार येतो ६७,००,४१७. याचे वर्गमूळ सुमारे २,५८८. तिथपर्यंत १२८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३, १,४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे हा अवयवही मूळच.

संगणकावर मात्र दोन ठिकाणी फसगत होते. मूळत्वाची साधी चाचणी (पायाचा, संख्येपेक्षा १ ने कमी असा घात घेऊन त्याची बाकी १ येते का ते पाहणे) २ हा पाया घेऊन केली तर ही संख्या बिनदिक्कत उत्तीर्ण होते: २ च्या ६४ व्या घाताची बाकी १ आहे आणि संख्येतून १ वजा केल्यावर उरणारा आकडा ६४ च्या पटीत आहे. पाया ३ घेतला की बिंग फुटते. दुसरी चूक साठवणुकीची. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतो, त्यामुळे न मावणारा वरचा बिट गळून तिथे आपल्या संख्येचा १ होतो. ६४ बिट घेतले तरी सर्वात मोठी बाकी आहे २ चा ३२ वा घात. तिचा वर्ग २ चा ६४ वा घात, आणि तो ६४ बिटांत शून्य होऊन बसतो. पाया २ च्या चाचणीत नेमकी हीच बाकी पाचव्या वर्गानंतर समोर येते, म्हणून गुणाकारासाठी १२८ बिटांचा प्रकार घ्यावा, किंवा पायथनसारखी मोठ्या पूर्णांकांना मर्यादा न घालणारी भाषा वापरावी.