गिटारच्या तारा बदलणे

अकूस्टिक गिटारच्या जुन्या तारा उतरवून नव्या चढवण्याची क्रिया. तारा सुरात लावणे वादकांच्या परिचयाचे असल्याने येथे या क्रियेत वाद्याच्या रोगणाला पोहोचणारी इजा आणि ती टाळण्याच्या रीती यांचाच मुख्यतः विचार केला आहे.

गिटारचे येथे दोन वर्ग महत्त्वाचे ठरतात. पोलादी तारांच्या गिटारमध्ये तारेच्या टोकाची पितळी गोळी ब्रिजमधील, म्हणजे पुढच्या फलकावर चिकटवलेल्या व तारांची टोके धरणाऱ्या लाकडी पट्टीमधील, छिद्रात पिनेने अडकवतात. स्पॅनिश घडणीच्या नायलॉन तारांच्या गिटारमध्ये तार ब्रिजलाच वेढा देऊन बांधतात. ०.०१२ ते ०.०५३ इंच जाडीच्या नेहमीच्या पोलादी संचाचा एकूण ताण सुमारे ७० ते ७५ किलोग्रॅम भाराइतका भरतो. नायलॉन संचाचा त्याच्या साधारण निम्मा.

पोलादी तारा केव्हा रुळल्या, हा प्रश्न वादाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत गिटारच्या बारीक तीन तारा सर्वसाधारणपणे तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या असत. खर्जाच्या तीन तारा रेशमी धाग्यांवर धातूची तार गुंडाळून केलेल्या. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताची लाट आली आणि तिच्याबरोबर पोलादी तारा आल्या, असे बहुधा सांगितले जाते. लाटेचा प्रभाव नाकारता येत नाही. तथापि मिशिगनमधील ऑरव्हिल गिब्सन आणि शिकागोचे लार्सन बंधू त्याआधीच पोलादी तारा पेलणारी वाद्ये घडवीत होते. तेव्हा प्रदर्शनाने आरंभ केला असे म्हणण्यापेक्षा चालू प्रवाहाला वेग दिला, असे मानणे अधिक सयुक्तिक. पेनसिल्व्हेनियातील नाझरेथच्या सी. एफ. मार्टिन कंपनीने १९२२ च्या सुमारास आपला एक साधा नमुना खास पोलादी तारांसाठी घडवण्यास सुरुवात केली. नायलॉन तारा त्यामानाने अलीकडच्या, १९४० च्या दशकातील. त्यांच्या प्रसारात न्यूयॉर्कचे कारागीर आल्बर्ट ऑगस्टीन व वादक आंद्रेस सेगोव्हिया यांचा वाटा मोठा.

कोणती काळजी घ्यायची हे तारेपेक्षा रोगणावर अधिक अवलंबून असते. उत्तम स्पॅनिश गिटारवर आजही चपडीचा हात देतात. चपडी लाखेच्या किड्यापासून मिळते. लाख झारखंड-छत्तीसगडात आणि विदर्भात गोंदियाच्या बाजूलाही निघते. ती स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या गुंडीने अनेक पातळ हात चढवतात. आपल्याकडचे जुने सुतार फर्निचरला करतात ते फ्रेंच पॉलिश हेच. हा थर नखानेही उमटतो; स्पिरिट लागताच सुटतो आणि घाम व उष्णतेने मऊ पडतो. १९२० च्या दशकात मोटारींसाठी आलेले नायट्रोसेल्युलोज लॅकर त्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन गिटारवर आले. ते केवळ द्रावक उडून सुकते, त्यात रेणूंची जाळी बांधली जात नाही. त्यामुळे कित्येक वर्षांनीही योग्य द्रावकात ते पुन्हा विरघळते. रबर व मऊ प्लॅस्टिक यांतील लवचिकता आणणारी द्रव्ये त्यात झिरपून डाग पाडतात. म्हणून असे वाद्य तारा बदलताना रबरी पत्र्यावर किंवा रेक्झिनच्या उशीवर आडवे ठेवू नये, धुतलेल्या सुती कापडावर ठेवावे. १९६० नंतर रूढ झालेली पॉलियुरेथेन व पॉलिएस्टर रोगणे रसायनांना दाद देत नाहीत, पण आघाताने त्यांचा टवका उडतो.

तार ताणलेली असताना कापणे हे ओरखड्यांचे एक नेहमीचे कारण. सुटलेले टोक चाबकासारखे फिरते. आधी खुंटी उलटी फिरवून तार पूर्ण सैल करावी. अडकलेली पिन पकडीने उपटू नये, कारण पकडीचा टेकू ब्रिजच्या कडेवर वा पुढच्या रोगणावर पडतो. तार छिद्रात थोडी खाली दाबली की गोळी सुटते आणि पिन ढिली होते. तरीही न निघाल्यास ध्वनिछिद्रातून हात घालून नाण्याने खालून रेटावी. नवी तार घालताना गोळी आतल्या लाकडी पट्टीला टेकली पाहिजे. पिन बोटाने दाबून तार वर ओढली की ती टेकते. गोळी पिनेच्याच टोकावर बसली, तर ताण वाढताच पिन उसळून वर येते.

नायलॉनच्या बाबतीत धोका वेगळा आहे. बारीक तार गुळगुळीत असल्याने गाठ सैल राहिली तर सुरात आणता आणता ती ब्रिजमधून निसटते आणि तिचे टोक ब्रिजच्या मागे ध्वनिफलकावर, म्हणजे वाद्याच्या पुढच्या पातळ फळीवर, फटका मारते. फलक स्प्रूसच्या लाकडाचा असला तर, आणि त्याहून मऊ सीडरच्या लाकडाचा असला तर अधिकच, कायमची खाच उमटते. जुन्या गिटारवर ब्रिजमागे अशा बारीक खाचा पुष्कळदा दिसतात. शेवटचा पीळ ब्रिजच्या मागील कडेखाली दबेल असा घ्यावा आणि काम चालू असताना ब्रिजमागे जाड कागद किंवा पातळ कातडे पसरावे.

सर्व तारा एकदम काढू नयेत, असा समज पुष्कळांत आहे. व्हायोलिनमध्ये ताण गेल्यास आतला ध्वनिस्तंभ, म्हणजे पुढच्या व मागच्या फलकांमध्ये उभा असलेला लाकडी दांडका, पडू शकतो. गिटारमध्ये तो नसतो, त्यामुळे थोडा वेळ सर्व तारा काढल्याने सपाट फलकाच्या गिटारचे नुकसान होत नाही. अपवाद कमानदार फलकाच्या गिटारचा : तिचा ब्रिज केवळ तारांच्या दाबाने उभा असतो, तो सरकला की खालचे रोगण खरवडते. तिच्या तारा एकेक करूनच बदलाव्यात.

तारा निघाल्यावर फ्रेट, म्हणजे मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्या, साफ करताना रोगण झाकायला चिकटपट्टी लावतात. चपडी आणि जुन्या लॅकरवर ती लावू नये, पट्टीबरोबर थर निघतो. सिलिकॉनयुक्त पॉलिशही टाळलेले बरे, पुढे डागडुजी करताना नवा थर त्यावर धरत नाही. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत पोलादी तारा लवकर गंजतात, त्यामुळे हा प्रसंग तिथे अधिक वेळा येतो.

नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा चढवू नयेत. दुप्पट ताणाने ब्रिजची मागची कड उचलली जाते, फलक फुगतो आणि ब्रिज सुटला तर भोवतालचे रोगण तुकड्यातुकड्यांनी उखडते.