कोकण किनारा आणि दहशतवादविरोधी कायदे

महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किमी. किनाऱ्यावरून झालेली दहशतवादी शस्त्रवाहतूक आणि तिच्याविरुद्ध वापरले गेलेले कायदे. या इतिहासाच्या केंद्रस्थानी रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुका आहे.

जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये दिघी व शेखाडी येथे शस्त्रे आणि आरडीएक्स हे शक्तिशाली स्फोटक रात्री उतरवण्यात आले. चांदी-सोन्याच्या तस्करीची जुनी वाट, तेच होडीवाले, तेच ट्रक यासाठी वापरले गेले. दिघीहून निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली होती. लाचेची रोकड जवळ नसल्याने चांदीच्या विटा तारण देऊन ती पुढे गेली. १२ मार्चच्या मुंबई स्फोटांत २५७ माणसे मेली. कायदा अपुरा होता म्हणून नव्हे, तर कस्टम्स आणि पोलीस विकले गेले म्हणून हा माल मुंबईत पोहोचला, हे विसरता येत नाही. विशेष न्यायालयाने २००६-०७ मध्ये १०० जणांना दोषी ठरवले, त्यांत या खात्यांतील माणसेही होती.

खटला १९८७ च्या टाडा (दहशतवादी व विघातक कृत्ये प्रतिबंधक) कायद्याखाली चालला. पोलीस अधीक्षक वा त्यावरील अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब त्यात पुरावा ठरे. एरवी पोलिसांपुढची कबुली ग्राह्य नसते. अनेक आरोपींनी कबुल्या नंतर नाकारल्या, तरी निकालाचा मोठा भार त्यांवरच राहिला. गैरवापराच्या तक्रारींमुळे टाडाची मुदत १९९५ मध्ये वाढवली गेली नाही. दाखल खटले मात्र चालू राहिले. त्यानंतरचा दहशतवाद प्रतिबंधक कायदा, पोटा (२००२), दोनच वर्षांत रद्द झाला.

नोव्हेंबर २००८ मध्ये लष्कर-ए-तैयबाचे दहा हल्लेखोर समुद्रमार्गे मुंबईत शिरले. त्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणा (एनआयए) स्थापन झाली व १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा (यूएपीए) कडक करण्यात आला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत दहशतवादी संघटनांची यादी आहे. २०१९ पासून व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करता येते. आरोपपत्रासाठी १८० दिवस मिळू शकतात आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाकारला जातो. निकालाआधीच वर्षे तुरुंगात जाणे हा यातला खरा अन्याय. खटला फार लांबल्यास जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. पोलिसांपुढची कबुली ग्राह्य धरण्याची टाडातील तरतूद यूएपीएमध्ये नाही.

किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी, मच्छीमारांची ओळखपत्रे, ‘सागर कवच’ सराव आणि गावोगावची सागर सुरक्षा दले आहेत. खाडीत अनोळखी होडी शिरली, तर ती पहिल्यांदा कोळ्यांनाच दिसते. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ एके-४७ रायफली असलेली बेवारस नौका सापडली. इंजिन बिघडल्याने ओमानजवळ सोडून दिलेली ही नौका वाहत आली होती. घातपाताचा संबंध आढळला नाही.