पांढरं जातंय: नेहमीचा स्राव की संसर्ग?

"अंगावरून पांढरं जातंय" ही तक्रार बायका बहुतेक वेळा शेवटी, उठता उठता, दबक्या आवाजात सांगतात. तिच्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे पाळी येण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला असणारा स्राव. त्याला औषध लागत नाही. दुसरी म्हणजे योनिमार्गातला संसर्ग, आणि त्याला नेमकंच औषध लागतं. यांची गल्लत झाली की निरोगी मुलगी महिनोन्महिने गोळ्या खात राहते, आणि जिला खरंच संसर्ग आहे ती 'बायकांना असतंच असं' म्हणत दुखणं अंगावर काढते.

नेहमीचा स्राव गर्भाशयाच्या मुखातून आणि योनीच्या अस्तरातून येतो. दिवसाला साधारण २ ते ५ मिली, म्हणजे फार तर एक छोटा चमचा. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं. लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू त्यापासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि योनीचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ३.८ ते ४.५ च्या आसपास राखतात. एवढ्या आम्लात बाहेरचे बरेच जंतू टिकत नाहीत. गडद रंगाच्या निकरचा मधला भाग काही महिन्यांत विटतो तो याच आम्लामुळे. अनेकींना तो रोगाचा पुरावा वाटतो, पण तसं नाही. डाग वाळल्यावर फिकट पिवळसर दिसतो, तेही नेहमीचंच.

हा स्राव महिनाभर सारखा नसतो. पाळी संपल्यावर थोडे दिवस कोरडेपणा असतो, मग ओल वाढत जाते. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, बीज बाहेर पडण्याच्या सुमारास, स्राव पारदर्शक आणि बुळबुळीत होतो. दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर तार सुटते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि स्राव पांढरट, घट्ट, चिकट होतो. गरोदरपणात तो वाढतो, काही जणींना गर्भनिरोधक गोळ्यांवरही वाढतो. मुलींना पहिली पाळी येण्याआधी सहा महिने ते वर्षभर तो सुरू होतो. त्या वयात निकरवर डाग दिसला की मुलगी घाबरते आणि निकर लपवते. पाळीबद्दल मुलीशी बोलायची योग्य वेळ हीच आहे, पाळी आल्यानंतरची नव्हे.

संसर्ग ओळखताना नुसता रंग पाहून चालत नाही. आपल्या नेहमीपेक्षा काय बदललं, आणि सोबत खाज, जळजळ, वास किंवा दुखणं आहे का, हे पाहायचं. त्यातही दोन संसर्ग सर्रास आढळतात, आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

बुरशीच्या संसर्गात, म्हणजे कॅन्डिडात, खाज हे मुख्य लक्षण. स्राव फाटलेल्या दुधासारखा गुठळ्यांचा, वास जवळपास नाही. बाहेरची त्वचा लाल होते, लघवी तिथे लागली की झोंबतं. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर, गरोदरपणात किंवा मधुमेहात हा जास्त होतो. वर्षातून तीन-चारदा होत असेल तर रक्तातली साखर तपासलीच पाहिजे.

जिवाणूंच्या असमतोलात, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये, वास हे मुख्य लक्षण. स्राव पातळ, राखाडी-पांढरा असतो, आणि मासळीसारखा वास संबंधानंतर किंवा पाळीच्या दिवसांत जास्त येतो, कारण वीर्य आणि रक्त दोन्ही आम्ल कमी करतात. खाज फारशी नसते. इथे पीएच ४.५ च्या वर जातो. बुरशीत तो बहुधा नेहमीइतकाच राहतो. त्यामुळे योनीच्या भिंतीला टेकवलेली पीएच पट्टी डॉक्टरला मिनिटभरात बरंच काही सांगून जाते.

पिवळा-हिरवा, फेसाळ, वास येणारा स्राव असेल तर ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग असू शकतो. तो संबंधातून पसरतो. नवऱ्याने किंवा जोडीदारानेही त्याच वेळी औषध घेतलं नाही तर पुन्हा होतो.

बुरशीसाठी सहसा क्लोट्रिमॅझोलची ५०० मिग्रॅची एक गोळी रात्री योनीत ठेवतात, किंवा १०० मिग्रॅची सहा रात्री. फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ तोंडाने एकदाच, पण गरोदरपणात नाही. जिवाणूंसाठी मेट्रोनिडॅझोल ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, पाच ते सात दिवस. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून ते मध्येच सोडलं की तक्रार परतते. ही मात्रा डॉक्टरांशी बोलताना माहीत असावी म्हणून दिली आहे. पहिल्यांदाच त्रास होत असेल तर आधी तपासणीच करून घ्या. मेडिकलमधून आणलेली खाजेची ट्यूब लावू नका. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस आराम पडतो आणि नंतर बुरशी आणखी फोफावते. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, अशा स्रावासाठी औषधांचं हिरवं किट मोफत मिळतं.

नेहमीच्या स्रावाचं संसर्गात रूपांतर कित्येकदा स्वच्छतेच्या अतिरेकाने होतं. डेटॉल, तुरटीचं पाणी, सुगंधी वॉश यांनी आतून धुतलं की लॅक्टोबॅसिलस मरतात आणि तीच जागा दुसऱ्या जंतूंना मिळते. वास येतो म्हणून अजून धुतलं जातं, आणि वास वाढतो. आतून धुवायचंच नाही. बाहेरून साधं पाणी पुरतं. निकर सुती असावी आणि ती साडीखाली किंवा टॉवेलमागे ओलसर न वाळवता उन्हात, मोकळ्यावर वाळवावी. लाजेपोटी हीच गोष्ट सगळ्यात कमी केली जाते.

'पांढरं गेल्याने हाडं झिजतात, अंगातली ताकद जाते' हे मात्र खरं नाही. चमचाभर स्रावात तेवढं काही नसतंच. थकवा आणि कंबरदुखीमागे बऱ्याचदा रक्त कमी असणं आणि कामाचं ओझं असतं, म्हणून हिमोग्लोबिन तपासा. पण म्हणून प्रत्येक तक्रार मोडीतही काढू नये. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला, आणि त्याआधी अशी तपासणी जेमतेम ८ टक्क्यांचीच झाली होती.

याच्या उलट टोकाला बीड आहे. तिथे ऊसतोड करणाऱ्या हजारो स्त्रियांची गर्भपिशवी काढली गेल्याचं उघड झालं, आणि २०१९ मध्ये शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कित्येकींची मूळ तक्रार पांढरं जाणं किंवा जास्त रक्तस्राव एवढीच होती, आणि 'कॅन्सर होईल' ही भीती घातलेली होती. पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही. नेहमीचा स्राव असेल तर काहीच काढायचं नसतं, आणि योनीतला संसर्ग औषधाने जातो, पिशवी काढून नाही.

खरी काळजी कशाची करायची तेही सांगायला हवं. संबंधानंतर रक्त जाणं, रक्तमिश्रित आणि दुर्गंधी पाण्यासारखा स्राव, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त किंवा नवा स्राव दिसणं: यांत गर्भाशयमुखाची तपासणी लांबवू नये. स्रावासोबत ताप आणि ओटीपोटात दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. संसर्ग गर्भनलिकांपर्यंत गेलेला असू शकतो आणि पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते. त्रास नसला तरी तिशीनंतर दर पाच वर्षांनी सरकारी केंद्रात गर्भाशयमुखाची व्हीआयए तपासणी करून घेता येते. त्यात मुखावर सौम्य व्हिनेगर लावून मिनिटभर पाहतात.

डॉक्टरांकडे जाताना एवढं सांगा: कधीपासून, रंग कसा, वास की खाज, शेवटची पाळी कधी, आतून काय लावलं किंवा धुतलं, अलीकडे कोणत्या गोळ्या घेतल्या. न तपासता कुणी ऑपरेशन सुचवलं तर आतली तपासणी, स्रावाची तपासणी, पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) किंवा व्हीआयए आणि सोनोग्राफी यांचे लेखी रिपोर्ट मागा, आणि ते घेऊन जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्या.