हापूसचे वेळापत्रक कसे बिघडत गेले

हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात पोहोचली की बातमी होते. हंगाम मात्र त्याच्या कितीतरी आधी, पाऊस ओसरल्यानंतरच्या सहा-आठ आठवड्यांत ठरलेला असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस थांबावा, ऑक्टोबर हीटने जमीन वाळून झाडाला ताण बसावा आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंड रात्रींत मोहोर फुटावा, हा कोकणातला जुना क्रम. मोहोरापासून फळ काढणीला येईपर्यंत साधारण चार महिने जातात. मार्चअखेर तोड सुरू झाली तरच मृगाच्या आत बाग रिकामी होते.

हे गणित इतके काटेकोर, कारण हापूस कलमाचा. आंब्याला पद्धतशीर कलमे बांधण्याचे श्रेय गोव्यातल्या पोर्तुगीजांना दिले जाते. हापूस हे नावही आफोन्सो द आल्बुकर्कवरून आलेले. रायवळात, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या आंब्यात, प्रत्येक झाडाचा स्वभाव निराळा, एक चुकले तर शेजारचे लागते. कलम म्हणजे मूळ झाडाची नक्कल, त्यामुळे हवा चुकली की हजार कलमे एकदम चुकतात. 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागले. मग कातळावर सुरुंग लावून, खड्ड्यांत बाहेरची माती भरूनही हापूसच लावला गेला.

हवा चुकण्याची सुरुवात समुद्रात होते. हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत 1958 साली मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत दशलक्षात सुमारे 315 भाग कार्बन डायऑक्साइड होता. आता तो 420 च्या पुढे आहे. अशा वायूंमुळे अडकणाऱ्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत गणला जाई. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांना 2001 ते 2019 या काळात तिथली चक्रीवादळे 52 टक्क्यांनी वाढलेली आढळली. 2009 मध्ये फयान आले ते नोव्हेंबरात. 2019 मध्ये ऑक्टोबर सरता सरता क्यार आणि महा ही दोन वादळे एकाच वेळी अरबी समुद्रात होती.

वादळ किनाऱ्याला लागलेच पाहिजे असे नाही. नोव्हेंबरातला अवेळी पाऊस जमिनीत ओल ठेवतो, ताण मोडतो आणि मोहोराच्या जागी पालवी येते. ती पालवी पक्व व्हायला तीनेक महिने हवेत, म्हणजे मोहोर फेब्रुवारीवर गेला. जिथे मोहोर आलेला असतो तिथे ढगाळ, दमट हवेत तुडतुडे हे रसशोषक किडे वाढतात, पानांवर त्यांची खार, म्हणजे चिकट द्रव, पडते, तिच्यावर काळी बुरशी, काजळी, धरते, करपा रोग वेगळाच.

यावरचा उपाय म्हणून झाडाची वाढ आवरून मोहोर लवकर आणणारे पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचे कल्टार, रूढ झाले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे दहा वर्षांपुढच्या झाडाला घेराच्या व्यासाच्या दर मीटरला 3 मिली, 3 ते 6 लिटर पाण्यात मिसळून, बुंध्याभोवती 25-30 उथळ भोकांत, 15 जुलै ते 15 ऑगस्टदरम्यान द्यायचे. मात्रा वाढली की पेरे आखडतात आणि मोहोर गुच्छासारखा दाटतो. शिवाय लवकर आलेला मोहोरच अवेळी पावसाच्या तोंडी आधी सापडतो, हे फारसे कोणी बोलत नाही.

थंडीचेही तसेच. ती उशिरा, जानेवारीत एकदम पडली की नर फुले जास्त येतात: मोहोर भरघोस, पण कणी, म्हणजे बारीक फळ, धरत नाही. कणी धरलेल्या काडीवरच पुन्हा मोहोर आला तर झाडाचे अन्न नव्या फुलांकडे वळते आणि कणी गळते. हा पुनर्मोहोर रोखायला 50 पीपीएम (दशलक्षात 50 भाग) जिब्रेलिक ॲसिड, म्हणजे जिब्रेलिन हे वाढीचे संप्रेरक, फवारतात. पूड पाण्यात नीट विरघळत नाही. 1 ग्रॅम आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून 20 लिटर पाण्यात घालावी लागते. कल्टार झाडात जिब्रेलिन तयार होऊ देत नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये जे थांबवायला पैसे मोजले, तेच जानेवारीत विकत घेऊन फवारायचे!

पुढे ऊन. 2023 चा फेब्रुवारी सरासरी कमाल तापमानात देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. अशा उन्हात वाटाण्याएवढी फळे भाजून गळतात. फळे वाटाणा ते गोटीएवढी असताना पंधरा दिवसांच्या अंतराने झाडाला 150 ते 200 लिटर पाणी द्या, ही शिफारस योग्यच, पण कातळावर मार्चमध्ये ते आणायचे कुठून? आणि उशिराच्या मोहोराचे फळ मेच्या मध्याला झाडावरच असते. 16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्यालगत गेले तेव्हा नेमके हेच फळ खाली आले.

एकाच जातीवरची भिस्त कमी करायला दापोलीने नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 साली रत्ना दिला. तो दरवर्षी फळतो, त्यात साका, म्हणजे गर आतून स्पंजासारखा होण्याचा दोष, नाही. पण पेटीवर रत्ना लिहिले की हापूसचा भाव मिळत नाही, आणि 2018 चे भौगोलिक मानांकनही हापूसलाच आहे.