फ्रिजच्या पाठीमागची हवा

आमच्या लहानपणीच्या फ्रिजच्या पाठीला काळ्या नळ्यांची जाळी होती. जुलैत शाळेचे मोजे वाळायचं नाव घेत नसत, तेव्हा आई ते त्या जाळीवर अडकवायची. सकाळी मोजे कडकडीत वाळलेले असत. या जाळीची पुन्हा आठवण झाली ती यंदा एप्रिलात, कोथरूडमध्ये एका टेम्पो ट्रॅव्हलरच्या पोटात घामाघूम बसलेलो असताना. समोर आंबूस वास सुटलेला आम्रखंडाचा डबा होता.

ट्रॅव्हलर मित्राची. आकुर्डीच्या कंपनीची ही गाडी आपण वऱ्हाडापासून अष्टविनायकापर्यंत सगळीकडे पाहतो. याने एक जुनी घेतली, तीही आधीच्या मालकाने अर्धवट फिरतं घर करून ठेवलेली. झोपायला फळ्या, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि परदेशातून मागवलेला गॅसवर चालणारा फ्रिज. हा फ्रिज गाडी जरा तिरकी उभी राहिली की रुसायचा, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात तर पाणी गार करण्यापलीकडे त्याची मजल जात नसे. म्हणून मित्राने तो काढला आणि त्याच खणात बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवला.

इथवर सगळं शहाणपणाचं. पुढे सुतारकाम करणारे मिस्त्री म्हणाले, "साहेब, याला आता गॅसच नाही, मग या जाळ्या कशाला ठेवता? नुसती धूळ येती." मित्राला ते पटलं. गाडीच्या पत्र्यावरच्या खालच्या-वरच्या दोन्ही जाळ्या आतून प्लायने बंद झाल्या. शिवाय फ्रिजच्या मागे आणि वर जी मोकळी जागा उरली होती, तिथे दोघांनी मिळून थर्माकोल ठासून भरला. थंडावा टिकायला हवा ना!

तिसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर बंद. त्याच्या कंट्रोलरवरचा लाल दिवा पाच वेळा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा पाच वेळा. माहितीपत्रकात या पाच लुकलुकींचा अर्थ दिला होता: इलेक्ट्रॉनिक्स तापलं आहे.

फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर आणून टाकणारा हमाल आहे. बाहेर ओझं तर येतंच, पण ते वाहताना हमालाला फुटलेला घामही बाहेरच येतो. म्हणजे पेटीतून काढलेली उष्णता अधिक यंत्र चालवायला घातलेली ऊर्जा, या दोन्हींची बेरीज फ्रिजच्या पाठीवर जमा होते. तिथून ती हलली नाही तर पुढचं ओझं ठेवायला जागा राहत नाही.

मित्राचा जुना फ्रिज शोषण पद्धतीचा होता. स्टॉकहोममधल्या बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटेर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती शोधली. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एका बंद नळीत असतात आणि हलणारा भाग एकही नसतो. खाली छोटी ज्योत लावली की अमोनियाचं पाणी उकळतं, बुडबुड्यांवर स्वार होऊन वर चढतं, अमोनिया वेगळा होतो, थंड होऊन पातळ होतो, हायड्रोजनच्या सोबतीत पुन्हा उडून जाताना पेटीतली उष्णता घेतो आणि शेवटी पाण्यात विरघळून खाली उतरतो. सगळी ये-जा उताराच्या आणि बुडबुड्यांच्या भरवशावर, म्हणून तिरक्या गाडीत ती अडखळते. यंत्र देखणं आहे, आवाज शून्य. पण कामाला भलतंच महाग. पेटीतून १ वॉट उष्णता काढायला ते साधारण ४ वॉट खातं.

कॉम्प्रेसरचं उलट आहे. १ वॉट विजेत तो सव्वा-दीड वॉट उष्णता उचलतो. ढोबळ हिशेब करू. पेटीतून सरासरी ३५ वॉट काढायचे आहेत असं धरलं, तर जुना फ्रिज १४० वॉट खाऊन पाठीमागे १७५ वॉट ओतणार, तेही दिवसरात्र. नवा २५ वॉट खाऊन ६० वॉट. तिसऱ्या हिश्श्यावर आलं की! मिस्त्रींची चूक अगदीच अडाणी नव्हती, ती याच आकड्यातून आली होती. पण ६० वॉट म्हणजे शून्य नव्हे. शिवाय ही सरासरी झाली. कॉम्प्रेसर निम्मा वेळ बंद असतो, म्हणजे चालू असताना तो १२० वॉट टाकतो. बंद खोक्यात हातपाय आखडून बसलेल्या माणसाइतके. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो.

जुन्या जाळ्यांकडे तीन कामं होती. ज्योतीला हवा पुरवायची, जळलेला वायू बाहेर काढायचा आणि फ्रिजच्या पाठीवरच्या तापणाऱ्या पात्यांना वारा घालायचा. दुसरं काम जिवाशी गाठ असलेलं, कारण त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. म्हणूनच गॅसच्या फ्रिजचा खण राहत्या जागेपासून पूर्ण सीलबंद करतात. ज्योत गेली तशी पहिली दोन कामं गेली. (जाताना गॅसची नळी जाणकाराकडून नीट बंद करून घ्यावी, आणि धुराड्याचं भोकही. नाहीतर गाडीच्या सायलेन्सरचा धूर त्यातून आत येऊ शकतो.) तिसरं काम मात्र राहिलं. आणि गंमत म्हणजे नव्या फ्रिजमध्ये ते काम वेगळ्या जागी हललेलं असतं. जुन्याची तापणारी पाती पाठीवर उंच होती. नव्याचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारी नळ्यांची जाळी, आणि पंखा बहुधा तळाशी एका कोपऱ्यात असतात.

हवा आपणहून किती वाहते, ते पाहिल्यावर मित्र गप्पच झाला. ३५ अंशांची हवा ५० अंशांवर तापली की दर घनमीटरला सुमारे ५० ग्रॅमने हलकी होते. खालच्या आणि वरच्या जाळीत एक मीटर अंतर असेल, तर या हलकेपणातून मिळणारा रेटा अर्धा पास्कल. टेबलावर ठेवलेल्या झेरॉक्सच्या एका कागदाचा दाब याहून जास्त असतो! वाड्यांतल्या स्वयंपाकघराचं धुराडं उंच का बांधत, ते इथे कळतं: उंची वाढली की रेटा वाढतो. गाडीत तेवढी उंची आणायची कुठून? मग वाट रुंद करायची. एवढ्याशा रेट्यावर १२० वॉट वाहून न्यायचे, आणि हवा १५ अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर खाली आणि वर प्रत्येकी पावणेदोनशे ते दोनशे चौरस सेंटीमीटर उघडं तोंड लागतं. म्हणजे २० सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर उंच. हे मोजमाप भोकांचं, चौकटीचं नव्हे. डासांची बारीक जाळी लावली की निम्मी जागा तारेनेच खाल्ली, आणि वरून ताम्हिणीची धूळ बसली की उरलेली.

त्यात आपण राहतो समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. पुण्याची हवा मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ आहे. तेवढ्याने आभाळ कोसळत नाही, पण लेहला गाडी न्यायचं स्वप्न असेल तर लक्षात ठेवावं. पंखा तिथे तेवढीच हवा ढकलतो, पण तिच्यात माल तिसऱ्या हिश्श्याने कमी असतो.

आता गरम पाठीची किंमत बघू. पेटीतल्या थंड पट्टीचं तापमान उणे १५ आणि कंडेन्सरचं ५० अंश धरा. कोंडलेल्या खणात कंडेन्सर ६५ वर गेला, तर केवळ उष्मागतिकीच्या नियमाने दर वॉटमागे होणारं काम सुमारे एक पंचमांशाने घटतं. प्रत्यक्षात त्याहून जास्त घटतं. कॉम्प्रेसर मग अधिक वेळ चालतो, अधिक उष्णता टाकतो, खण आणखी तापतो. बॅटरीच्या भाषेत सांगायचं तर निम्मा वेळ चालणारा हा फ्रिज दिवसाला ५० अँपिअर-तास खातो, अजिबात न थांबणारा १००. साध्या लेड बॅटरीवर लिहिलेल्या आकड्यातले निम्मेच अँपिअर-तास वापरायचे असतात, म्हणजे १०० वाली बॅटरी एका रात्रीत मान टाकते. मित्र दोन दिवस बॅटरीवाल्याला शिव्या देत होता.

फ्रिजवरच्या स्टिकरवर हवामानाचा वर्गही लिहिलेला असतो. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. (ही एसटी म्हणजे आपली लाल परी नव्हे.) लोक हे आकडे वेधशाळेच्या पाऱ्याशी ताडून पाहतात आणि पुण्यात ३९ म्हणजे टी वर्ग पुष्कळ झाला, असं समजतात. वेधशाळेचा पारा सावलीत असतो. स्टिकरवरचा आकडा फ्रिजच्या अंगाला लागणाऱ्या हवेचा असतो. थर्माकोल उपसल्यावर त्या खणात मी थर्मामीटर सोडला, कॉम्प्रेसर चालू केला आणि अर्ध्या तासाने पाहिलं. बाहेर ३६, खणात ५८.

मग प्लाय काढले. तरी ५१! जाळ्या उघड्या, मग अडतंय कुठे? मी ओट्यावरची उदबत्ती पेटवून खालच्या जाळीशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला, कंडेन्सरमधून गेला, पंख्याने मागे फेकला, आणि वरच्या जाळीकडे जाण्याऐवजी फ्रिजच्या बुडाखालून वळसा घेऊन पुन्हा उदबत्तीपाशी आला. फ्रिज आपलाच उच्छ्वास परत ओढत होता. मला विचाराल तर नवा फ्रिज जुन्या खणात बसवताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मिस्त्रींनी ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांच्यामध्ये आडवी भिंत घातली. फ्रिजच्या डोक्यावरची पोकळी तिरक्या पत्र्याने बुजवली, म्हणजे गरम हवा तिथे मुक्कामाला न थांबता थेट वरच्या जाळीकडे वळेल. थर्माकोलही फुकट गेला नाही. फ्रिजच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना तो परत चिकटवला. कंडेन्सरपासून लांब, पेटीच्या थंड अंगाला त्याचा खरंच उपयोग आहे. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा पंखा आणि ४० अंशांना चालू होणारा थर्मोस्टॅट आणला, आणि पंखा वरच्या जाळीवर हवा बाहेर फेकेल असा बसवला. पंखा दोन-तीन वॉट खातो. तो उलटा बसवला तर वर जाऊ पाहणाऱ्या हवेशीच कुस्ती खेळतो. असे उलटे पंखे मी पाहिले आहेत.

हवा बाहेरून घ्यायची की गाडीच्या आतून, यावर आमचा वाद झाला. आतून घेण्यात गैर काही नाही, ज्योतच नाही म्हटल्यावर विषारी वायूचा प्रश्न उरत नाही. आत एसी चालू असेल तर फ्रिजला २६ अंशांची हवा मिळते, आणि एसीवर पडणारा जादा भार अर्ध्या माणसाचा. पण बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतली हवा ५० च्या पुढे जाते. तेव्हा बाहेरचे ३८ सुद्धा गार वाटतात. याउलट घाटातल्या पावसात बाहेरची जाळी उघडी ठेवणं म्हणजे फ्रिजला आंघोळ घालणं. शेवटी दोन्ही सोयी ठेवल्या: उन्हाळ्यात पत्र्यावरच्या जाळ्या उघड्या, पावसाळ्यात त्या झाकून ओट्याखालची आणि फ्रिजवरच्या फळीतली आतली जाळी उघडायची. पंखाही काढून त्या फळीवर लावता येतो.

मे महिन्यात बाहेर ३७ असताना खणात ४५ भरले. कॉम्प्रेसर अकरा मिनिटं चालून थांबला, आणि तो थांबल्याचा आवाज ऐकून मित्राने माझ्या पाठीत धपाटा घातला.

जुलैत ताम्हिणीहून परतल्यावर मित्राने गाडी बघायला बोलावलं होतं. दूध ठीक, लोणी ठीक. फ्रिजवरच्या फळीतल्या जाळीवर, पंख्याच्या तोंडाशी, त्याचे ओले मोजे वाळत होते.