मुलाला मानसिक उपचार हवेत आणि पैसे नाहीत: सरकारी दवाखान्यात काय, कसं मिळतं

मूल शाळेचं नाव काढताच रडतंय, रात्री दचकून उठतंय, घरात कुणी गेल्यापासून बोलेनासं झालंय. अशा वेळी पालक खर्चाच्या भीतीने थांबतात. थांबू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 18 नुसार दारिद्र्यरेषेखालील माणसाला सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थेत उपचार विनामूल्य मिळतात, आणि त्यासाठी हातात बीपीएल कार्ड असलंच पाहिजे अशी अट नाही. पिवळं रेशनकार्ड नाही म्हणून घरी बसणाऱ्या कुटुंबांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार सर्वांनाच मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे रेशनकार्ड दाखवून सवलत विचारा.

वेगळा अर्ज भरायचा नसतो. सिव्हिलमध्ये केस पेपर काढून मानसोपचार विभागात जायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयांतही येतं. तो वार आशाताईंकडून किंवा रुग्णालयातून आधी विचारून घ्या. समुपदेशन एका भेटीत संपत नाही, आणि दर खेपेचं एसटीभाडं व बुडालेली मजुरी हाच गरीब घराचा खरा खर्च असतो.

बोलायला उशीर, स्वमग्नता, अभ्यासातली अक्षमता अशी शंका असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गाठा. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं, 18 वर्षांपर्यंतची मुलं तपासतं आणि गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतं. पथक येईपर्यंत वाट पाहायचं कारण नाही. अंगणवाडीताईंना किंवा वर्गशिक्षकांना आजच सांगा.

सोबत मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाईड आणि जुने उपचारांचे कागद ठेवा. मूल कधीपासून, कसं बदललं हे चार ओळींत लिहून नेलंत तर डॉक्टरांना फार मदत होते. आई-वडील ऊसतोडीला गेले असतील तर आजी-आजोबांनी मुलाला आणावं आणि आई-वडिलांचा चालू फोन नंबर जवळ ठेवावा. मुलाला दाखल करायची वेळ आली तर मात्र पालकाची संमती लागते, आणि मुलांना मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे.

समुपदेशनासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. ते पुढे सवलतींसाठी उपयोगी पडतं, म्हणून त्याच्यासाठी उपचार अडवून ठेवू नका. आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 23 देतं. शाळेत काय सांगायचं, हे तुम्ही ठरवा.

दवाखान्यात जाणं लगेच जमत नसेल तर 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि कागद गोळा करत न बसता थेट अपघात विभागात घेऊन जा.