गटाने बसलं की अभ्यास बुडतो?

‘चार पोरं एकत्र बसली की गप्पाच होतात, अभ्यास एकट्यानेच करावा’ असं यवतमाळ-गडचिरोलीकडच्या गावांत अजूनही सांगतात. हा गैरसमज आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्रिझमन या गणितज्ञांनी कॅल्क्युलस (कॉलेजात शिकवली जाणारी गणिताची एक शाखा) शिकणाऱ्या मुलांचं निरीक्षण केलं. मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं मेहनतीत कमी नव्हती, पण एकेकटी झटत होती. चिनी वंशाची मुलं मात्र एकमेकांची गणितं तपासून चुका दाखवत. मग ट्रिझमन यांनी गट बसवले, मुद्दाम अवघड गणितं दिली, आणि निकाल सुधारले. एसटीने तालुक्याला जाणारी, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली आपली पोरगी अडलं तर घरी विचारणार कोणाला? तिला समाजमंदिरात मैत्रिणींसोबत बसू द्या.